कतारगामचं मशीन

“कुणाचं होतं ते मशीन? भास्कर, तोंड उघड! एरवी तुझं तोंड झोपेतही मिटत नाही, आता काय झालं? कुणाचं होतं?”

बाई, तुमचा तो आवाज आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून निघाला तो थेट हजीऱ्याच्या बंदरात जाऊन आदळला. धक्क्याला लागणारं एक जहाज बिचकून मागं सरलं, असं तिथल्या क्रेनवाल्यानं मला शपथेवर सांगितलं. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत विचारलं असतं, “क्रेनवाल्याचं नाव काय, भास्कर?” आणि मला नाव सुचलं नसतं. म्हणून जहाज सोडून द्या. पण कॉलेजचा शिपाई दोन जिने चढून आपल्या दारात येऊन उभा राहिला, एवढं तरी खरं धरा. हा माणूस आगीची घंटा वाजली तरी खुर्चीतून उठला नव्हता.

तुमच्या हातात दिल्लीचं पत्र होतं. त्यातलं एक वाक्य तुम्ही मला मराठीत करून वाचून दाखवलंत, न्यायाधीश शिक्षा वाचतो तसं: प्रयोगशाळा आधुनिक यंत्रांनी सुसज्ज असल्यामुळे अनुदानाची निकड दिसून येत नाही.

सुसज्ज! आपली प्रयोगशाळा! जिथला फ्रीझर दाराला दगड टेकवल्याशिवाय बंद होत नव्हता!

त्या दुपारी मी खरं सांगितलं. तुम्ही ऐकलंत, पत्राची घडी घातलीत आणि तुमचा आवाज एकदम विझला. “मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं,” एवढंच म्हणालात. अडीच वर्षं झाली बाई, आणि आता तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. भांडण मात्र अर्धंच राहिलं. तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात, मी स्वतःला. एकाच गुन्ह्याचे दोन आरोपी, आणि दोघंही म्हणतायत, फाशी मला द्या.

माझी तुमची गाठ पडली ती सुरतेजवळच्या कडोदऱ्याला. मी तेव्हा तिथल्या कापड कारखान्यात लूमवर होतो. तुम्ही कारखान्याच्या फाटकाशी टेबल मांडून कामगारांचं रक्त तपासत होतात आणि रांगेत एकही माणूस नव्हता. आम्ही खान्देशातली माणसं, बारा बारा तास लूमच्या खडखडाटात उभे राहू, पण सुई दिसली की पाय गळतात. मी पुढं झालो आणि मोठ्यानं म्हणालो, “माझं काढा डॉक्टरीणबाई, पण जपून. मागच्या वेळी माझ्या रक्तानं सुई वितळली होती.” सगळे हसले. मी बोट पुढं केलं, थेंब निघाला, आणि मी मागे वळून ओरडलो, “अरे, गुदगुल्या होतात रे!” पाच मिनिटांत रांग फाटकाबाहेर गेली. तुम्ही आवरताना मला बोलावलंत. “दहावी झालायस?” “बारावी, बाई. सायन्स.” हे खरं होतं, तरी तुम्ही दाखला मागितलात. मग म्हणालात, “मला सुई धरणारे पुष्कळ मिळतात. रांग आणणारा मिळत नाही.”

त्या एका वाक्यावर मी लूमवाल्याचा टेक्निशियन झालो. कॉलेजची पोरं तुम्हाला ‘मॅडम’ म्हणायची. मला आमच्या शाळेतल्यासारखं ‘बाई’च जमायचं, आणि तुम्ही यवतमाळकडच्या, तुम्हालाही ते बरं वाटायचं. वाटायचं ना? हे विचारायचं राहून गेलं.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं की तुम्ही काय शोधत होतात. नाहीतर त्यांना वाटेल एका मशीनसाठी एवढं रामायण. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार. गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांमध्ये अडकतात, आणि माणूस हाडांत खिळे ठोकल्यासारखा तळमळतो. आई-बाप दोघांकडून येतो. धडगावकडच्या डोंगरांत पुष्कळ, आणि तिकडची माणसं सुरतेला लूमवर येतात. तुमचा प्रश्न साधा होता. दोन सख्खे भाऊ, दोघांना तोच आजार. एक गावात गुरं राखतो, दुसरा कडोदऱ्याच्या पत्र्याखाली, उन्हाळ्यात, लूमसमोर, आणि लूम सोडून पाणी प्यायला गेला तर धागा तुटतो म्हणून पाणीच पीत नाही. जास्त तळमळतो कोण? आणि नुसतं वेळच्या वेळी पाणी प्यायला दिलं, तर किती फरक पडेल?

मी म्हणायचो, “बाई, यात शोधायचं काय? आमच्या म्हशीलासुद्धा कळतं.”

“म्हशीला कळतं, मालकाला कळत नाही,” तुम्ही म्हणायचात. “मालकाला कागद लागतो.”

त्या कागदासाठी तुम्ही माणसं जोडलीत. तुमचा पहिला गडी सुकलाल पावरा. त्याचा भाऊ धडगावला, तो इथं. तुम्ही त्याला पाण्याची बाटली दिलीत, तिच्यावर तुम्ही स्वतः मार्करनं रेघा मारलेल्या. पाळीत किती रेघा पाणी प्यायला आणि कोणत्या दिवशी दुखलं, एवढंच त्यानं वहीत लिहायचं. सुकलालला अक्षरं येत नव्हती. तो रेघा काढायचा, आणि दुखलेल्या दिवशी रेघांखाली एक विळा. तुम्ही त्या वह्या दागिन्यांसारख्या कपाटात ठेवायचात.

आपलं मोठं भांडण थापेवरून. तुम्ही म्हणायचात, विज्ञानात थाप चालत नाही. मी म्हणायचो, विज्ञानात नसेल, पण विज्ञानापर्यंत माणूस आणायला लागतेच. मी कामगारांना सांगायचो की आमच्या बाई एका थेंबावरून पणजोबाचं नाव सांगतात. तुम्ही मागून यायचात आणि सगळं पुसायचात: “नाही हो, तसं काही नसतं. फक्त आजार आहे की नाही तेवढं कळतं, आणि तेही पुन्हा तपासावं लागतं.” रांगेतली चार माणसं लगेच कमी! आणि तुमच्या लिहिण्यातला तो ‘असू शकेल’. पाण्यामुळे वेदनेचे झटके कमी होत असू शकतील. बाई, मी किती वेळा सांगितलं, ‘असू शकतील’ वाचून कोण खिशात हात घालतो? “होतात, असं ठोका!” तुम्ही म्हणायचात, “होतात हे कळायलाच तर अनुदान मागतेय ना, गाढवा.”

आणि दिल्लीचं अनुदान निघालं ते नेमकं आपल्यासाठीच. रक्ताच्या आजारांवर वर्षानुवर्षं काम करून नाव झालेल्या संशोधकांसाठी. ‘प्रस्थापित संशोधक’ असा शब्द होता त्यात. मी शब्द ऐकून आपल्या खोलीकडे पाहिलं. छताचा पोपडा माझ्या चहात पडला. म्हटलं, बाई, आपण प्रस्थापित झालो.

तुम्ही अर्ज लिहिलात. बेचाळीस पानं, आणि पानोपानी ‘असू शकेल’. मशीन, दोन टेक्निशियन, धडगावला जायला गाडी, आणि सगळ्यांत वर, माझ्या हट्टाविरुद्ध, कारखान्यांसाठी पाण्याचे माठ. “मशीन आधी लिहा,” मी म्हणालो. तुम्ही माठ आधी लिहिलेत. अर्ज तयार झाला आणि गेला ट्रस्टीसाहेबांच्या टेबलावर, कारण कॉलेजची सही लागते. तिथं तो सात महिने बसला. आधी त्यांच्या मुलाचं लग्न. मग ते अमेरिकेला. मग नवरात्र, नवरात्रात सुरतेत सह्या होत नाहीत, फक्त गरबा होतो. मग दिवाळी. तुम्ही दर सोमवारी खाली जायचात, बाहेरच्या बाकावर बसायचात, आणि वर येऊन म्हणायचात, “आज नाही.” मी म्हणालो, मी जाऊन एक गोष्ट सांगतो त्यांना, सही काय, अंगठाही देतील. तुम्ही म्हणालात, “प्रत्येक ठिकाणी तुझी गोष्ट नको.” ऐकलं मी. आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि चुकीच्या ठिकाणी ऐकलं.

शेवटी सही झाली, अर्ज गेला, आणि चार महिन्यांनी निरोप आला: समिती पाहायला येणार आहे.

आता माझा गुन्हा. आमच्यात एक रीत आहे. स्थळ पाहायला पाहुणे येणार म्हटले की गल्लीतलं सगळं चांगलं सामान त्या एका घरात जातं. पाटलांचा सोफा, सोनारांची काचेची कपबशी, कुणाचा टीव्ही. यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. गल्लीची इज्जत ती. माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या उधन्याच्या खोलीत शेजारचा दोनशे लिटरचा फ्रीज आणून ठेवला होता. सासऱ्यांनी दार उघडून आत डोकं घातलं, थंड हवा खाल्ली, आणि तिथंच सुपारी फोडली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शेजारी फ्रीज उचलायला आला. तेव्हा माझी बायको मधे उभी राहून म्हणाली, “मनं लगीन तुनासंगे व्हयनं, का त्या फ्रीजसंगे?” आज बावीस वर्षं झाली, अजून पाणी थंड लागलं नाही की हेच विचारते.

तर मला एवढंच कळत होतं: पाहुणे येतायत. घर भरलेलं दिसलं पाहिजे.

तुम्ही त्या सकाळी समितीला आणायला स्टेशनवर गेलात. मी कतारगामला गेलो. तिथं हिरे घासण्याच्या कारखान्यांच्या ओळीत जिग्नेशभाईंची तपासणी लॅब आहे, आणि तिच्यात ते मशीन होतं, रक्तातलं हिमोग्लोबिन वेगवेगळं करून कागदावर आलेखाचे डोंगर काढून दाखवणारं. आपण अर्जात मागितलेलं हुबेहूब तेच. जिग्नेशभाई म्हणाले, “लई जाव ने, पण सांजे पाछुं जोईए.” म्हणजे न्या खुशाल, पण संध्याकाळी परत पाहिजे. टेम्पोत मी त्याला मांडीवर घेऊन बसलो. नवरीसुद्धा एवढी जपून आणली नव्हती. टेबलावर ठेवलं, वायर जोडली, हिरवा दिवा लागला, आणि बाई, खोटं सांगत नाही, आपली खोली पहिल्यांदा प्रयोगशाळेसारखी दिसली.

तुम्ही तिघा पाहुण्यांना घेऊन दारात आलात आणि मशीन पाहून थांबलात. मोठे साहेब मशीनपाशी गेले, त्यांनी कौतुकानं बोट फिरवलं आणि विचारलं, “ये आपका है?” तुम्ही तोंड उघडलंत. तुमच्या तोंडातून शब्द निघायच्या आत मी म्हणालो, “जी, हमारा ही है. रोज चलता है.” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग साहेबांकडे. आणि गप्प राहिलात.

तो एक श्वास, बाई. ‘असू शकेल’ लिहिणारी बाई एक श्वास गप्प राहिली, कारण पाहुण्यांसमोर तिला मला खोटं पाडायचं नव्हतं. त्या गप्प राहण्याचा राग तुम्ही माझ्यावर काढायला हवा होता. तुम्ही स्वतःवर काढलात.

समिती प्रयोगशाळेत अकरा मिनिटं होती. यात थाप नाही, भिंतीवरच्या घड्याळात पाहिलंय. मी सुकलालच्या वह्या काढून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी उघडल्या नाहीत. एका साहेबांनी विचारलं, इथं खायला लोचो चांगला कुठं मिळतो. दुसऱ्यांनी विचारलं, साड्यांचं होलसेल मार्केट किती वाजेपर्यंत उघडं असतं. मार्केटमध्ये ते अडीच तास होते. मीच पिशव्या उचलल्या. संध्याकाळी तुम्ही मशीनकडे बोट करून विचारलंत तेव्हा मी म्हणालो, कंपनीनं दाखवायला पाठवलं होतं, घेऊन जातील. तुम्हाला ते पटलं नव्हतं. पण पटवून घेतलंत. पत्र आलं त्या दिवसापर्यंत.

त्यानंतर तुम्ही मला कधी रागावला नाहीत. ते सगळ्यांत वाईट. चहा व्हायचा, काम व्हायचं. पण पूर्वी तीन वाजता तुम्ही पेन ठेवायचात आणि म्हणायचात, “हं, आज कुणाची सुई वितळली?” ते बंद झालं. मी गोष्ट सुरू केली की तुम्ही ऐकायचात, आणि शेवटी हसायच्या जागी म्हणायचात, “बरं.” माझ्या गोष्टींना जगात बरेच लोक खोटं म्हणाले. ‘बरं’ कुणी म्हटलं नव्हतं.

गाडी नाही म्हणून धडगाव सुटलं. मग कडोदराही. मग निवृत्तीचा नारळ, शाल, आणि चार महिन्यांत तुम्हीच.

सुकलालला कुणी सांगितलंच नाही की अभ्यास थांबला. मी सांगायचं टाळलं. तो दर महिन्याला येतो, वही ठेवतो, नवी घेऊन जातो. परवा आला. बाटलीवरच्या रेघा पुसल्या म्हणून त्यानं ब्लेडनं कोरून घेतल्यात. म्हणाला, “बाईला सांगा, या महिन्यात दोनच विळे. पाण्यानं होतंय बरं का!” तुम्हाला जे लिहायला बेचाळीस पानं पुरली नाहीत, ते तो उभ्या उभ्या बोलून गेला, ‘असू शकेल’ न लावता. मी त्याला सांगितलं, बाई गेल्या. वही माझ्याकडे सरकवून तो म्हणाला, “मग ही कुणाला दाखवायची?” मला गोष्ट सुचली नाही, बाई. मला. गोष्ट सुचली नाही.

कॉलेजनं तुमची शोकसभा घेतली. दारात फ्लेक्स, तुमचा फोटो, खाली ट्रस्टीसाहेबांचा तुमच्यापेक्षा मोठा. ते उभे राहिले आणि म्हणाले, “प्रस्थापित संशोधक होत्या. पण साधेपणा एवढा की या संस्थेकडे त्यांनी कधी काही मागितलं नाही.” मागितलं नाही! तीस-एक सोमवार त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून कोण होतं मग? मी उठणार होतो. माझ्या बायकोनं माझा सदरा मागून धरला. सदऱ्याची शिवण उसवली, पण मी बसलो.

काल तुमची खोली रिकामी करायला सांगितलं. फ्रीझर भंगारात गेला, दगडासकट. वह्या मी घरी आणल्यात, कपाटात ठेवल्यात, बायकोच्या साड्यांशेजारी; तिनंच साड्या सरकवून जागा केली. तुमच्या फायलीत ते पत्र होतं, आणि पत्रावर दिल्लीचा फोन नंबर. तुमच्या डोक्यावरचं एक श्वासाचं ओझं तरी उतरावं म्हणून मी फोन लावला. ठरवलं होतं, सगळं कबूल करायचं. म्हणायचं, मशीन उसनं होतं, दोष माझा, त्या बाईंचा नाही, आणि तुमच्या कागदावर तसं लिहून घ्या.

मी हिंदीत सुरू केलं. पलीकडची बाई मधेच म्हणाली, “मराठीत बोला, तुमचं हिंदी मला कळत नाहीये.” नाशिकची निघाली. मग मी धबधब्यासारखा बोललो. कतारगाम, टेम्पो, हिरवा दिवा, लोचो, सगळं. माझ्या सवयीनं मशीन ट्रकएवढं केलं, पण बाकी खरं सांगितलं. पलीकडून नुसता कीबोर्डचा आवाज येत होता. मी थांबलो तेव्हा तिनं फाइलचा क्रमांक पुन्हा विचारला आणि वाचू लागली.

“इथं मशीनचा प्रश्न दिसत नाही. प्रकल्प तीन वर्षांचा आहे. अर्ज आमच्याकडे पोचेल त्या दिवशी निवृत्तीला तीन वर्षं शिल्लक लागतात. यांना पाच महिने कमी पडले. छाननीतच बाद आहे.”

“पण पत्रात तर सुसज्ज लिहिलंय!”

“पत्रात एक कारण निवडावं लागतं.”

पाच महिने. आणि ट्रस्टीसाहेबांच्या टेबलावर सात. आजवर मी एवढ्या गोष्टी रचल्या बाई, पण असा शेवट रचायची माझी हिंमत झाली नसती. तुम्ही अडीच वर्षं एका श्वासासाठी स्वतःला माफ केलं नाहीत. आणि तो श्वास कुणी मोजलाच नव्हता.

मला ओरडायचं होतं. तुमच्यासारखं, जहाज मागं सरेल असं. आवाज निघाला तो एवढासा. मी विचारलं, “छाननीतच बाद होतं, तर मग ते तिघं एवढ्या लांब सुरतेला पाहायला कशाला आले?”

ती म्हणाली, “तिकिटं आधीच काढून झाली होती.”